पुरेशी गोळी

शिकारीच्या साहित्यात एक वाद सुमारे सव्वाशे वर्षे अखंड चालू आहे. हत्ती, रानरेडा, अस्वल, मूस, एल्क यांसारख्या मोठ्या जनावरासाठी बंदुकीची गोळी केवढी असावी, हा त्या वादाचा विषय. एका पक्षाचे म्हणणे असे की, जनावर मोठे तर गोळीही मोठी आणि जड हवी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, गोळी कोठे लागली हे महत्त्वाचे; ती केवढी आहे हा प्रश्न गौण. हा वाद आधी आफ्रिकेतल्या ब्रिटिश शिकाऱ्यांमध्ये रंगला, पुढे तो अमेरिकेत गेला, आणि आजही तेथे तो तावातावाने चालतो. दोन्ही पक्षांजवळ अनुभव आहेत, आकडे आहेत, मारलेल्या जनावराशेजारी बसून काढलेली छायाचित्रे आहेत. तरीही निकाल लागत नाही.

मी बंदुकीचा माणूस नव्हे. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये ०.२२ची रायफल पालथे पडून कागदी लक्ष्यावर चालवली, एवढाच माझा त्या शस्त्राशी संबंध. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ संपुष्टात आणली, आणि ते चांगलेच झाले. या वादाकडे मी वळलो तो अर्थविचार शिकवताना. ‘लहान’, ‘मोठा’, ‘पुरेसा’ या विशेषणांचा अर्थ कशावर टेकलेला असतो, हे समजावून सांगण्यासाठी मला एखादा असा वाद हवा होता की ज्यात तज्ज्ञ माणसे या साध्या शब्दांवरून वर्षानुवर्षे भांडत आहेत. तो सापडला. परंतु वाचत गेलो तसे लक्षात आले की, उदाहरण म्हणून वापरून बाजूला ठेवावा असा हा वाद नाही. त्याच्या मुळाशी एक जखमी प्राणी आहे आणि त्याचा उल्लेख दोन्ही पक्ष शक्यतो टाळतात.

प्रथम वस्तूंची ओळख करून घेऊ. बोलताना आपण ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण काडतूस म्हणजे सगळा ऐवज. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी. हा शब्द मराठीने पोर्तुगीज भाषेतून घेतला. ‘कॅलिबर’ म्हणजे गोळीचा किंवा नळीचा व्यास. हा शब्द साच्याला अरबीत जो ‘कालिब’ शब्द आहे त्याच्यापासून युरोपीय भाषांत आला असे मानतात. इंग्रजी पद्धतीत हा व्यास इंचाच्या अपूर्णांकात सांगतात. ‘पॉइंट टू टू’ म्हणजे इंचाचे बावीस शतांश. मात्र या नावांवर फार विसंबू नये. ०.२७५ रिग्बी या काडतुसाच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.२८४ इंच असतो, आणि ते काडतूस रिग्बीचेही नव्हे. जर्मनीत १८९०च्या दशकात घडलेल्या सात मिलिमीटर माउझरचे ते इंग्रजी नाव. नाव आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो हे विद्यार्थ्यांना सांगताना मी हल्ली हेही उदाहरण देतो.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्या सराफाच्या गुंजेचाच हा भाऊबंद. ब्रिटिश अमदानीत जो तोळा ठरवला गेला तो नेमका १८० ग्रेनचा होता. त्यामुळे आपल्याला हा सगळा हिशेब तोळ्या-माशांत मांडता येतो, आणि तसा मांडला की तो हातात धरल्यासारखा समजतो. आफ्रिकेत हत्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या ०.४५० नायट्रो एक्स्प्रेस या काडतुसाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे दोन तोळे आठ मासे. सात मिलिमीटर माउझरची जुनी लष्करी गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे तोळ्याला सात ग्रेन कमी. आज अमेरिकेत ज्या लहान काडतुसावरून सर्वाधिक वाद होतो त्या ०.२२३ रेमिंग्टनची जड समजली जाणारी गोळी ७७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम पाच मासे. एखाद्या लग्नातल्या अंगठीएवढे हे वजन. समोर उभे असलेले नर एल्क तीनशे किलोंच्या पुढचे.

‘लहान’ हे विशेषण सापेक्ष असते हे आपण जाणतोच; लहान हत्ती मोठ्या उंदरापेक्षा मोठाच असतो. पण या वादात ‘लहान’ची मोजपट्टी काळाबरोबरही सरकत गेलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काळी दारू वापरली जाई आणि गोळीला वेग फारसा देता येत नसे, म्हणून सगळी भिस्त वजनावर. त्या काळातल्या ‘फोर बोअर’ बंदुकीचा अर्थच असा की, तिच्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या चार गोळ्यांचे वजन एक पौंड भरावे. म्हणजे एक गोळी साडेनऊ तोळ्यांहून जड. सॅम्युअल बेकर या प्रसिद्ध शिकाऱ्याजवळ तर याच्याही दुप्पट वजनाचा गोळा फेकणारी बंदूक होती आणि तिला तो कौतुकाने ‘बेबी’ म्हणे. पुढे धूरविरहित दारू आली आणि वेग वाढला. १८९८ साली जॉन रिग्बी कंपनीने ०.४५० नायट्रो एक्स्प्रेस बाजारात आणले तेव्हा फोर बोअर खांद्यावर वागवलेल्या माणसाला ते हलकेच वाटले असणार. आज तेच काडतूस ‘मोठ्या’ पक्षाचे दैवत आहे.

लहान गोळीच्या पक्षाचा आद्य पुरुष म्हणजे वॉल्टर बेल. एडिंबरोजवळ १८८० साली जन्मलेला हा माणूस युगांडाच्या ईशान्येकडील करमोजा प्रदेशात हस्तिदंतासाठी हिंडला, म्हणून त्याला ‘करमोजो’ बेल म्हणत. त्याच्या नोंदींप्रमाणे त्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या माउझरने. तोळ्याला सात ग्रेन कमी असलेल्या गोळीने पाच-सहा टनांचे जनावर जागच्या जागी बसावे, हे ऐकणाऱ्याला चमत्कारासारखे वाटते. चमत्कार काही नव्हता. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापवून घेतली आणि मेंदू नेमका कोठे असतो याचा अभ्यास केला. हत्तीच्या डोक्याचा पुढचा बराचसा भाग मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाचा असतो. मेंदू त्याच्या मागे, खोलवर. कोणत्या दिशेला तोंड करून हत्ती उभा असताना गोळी कोठून आत गेली म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचेल, हे त्याने पाठ करून ठेवले होते. गोळीही तो धातूचे पूर्ण कवच असलेली, लांब आणि सडपातळ अशी वापरी. अशी गोळी हाडात शिरताना वाकत नाही, फुटत नाही, सरळ जाते. शिवाय रायफल हलकी असल्याने ती दिवसभर स्वतःच वागवता येई आणि तिचा धक्का बेताचा असल्याने हात स्थिर राही.

हजार हत्तींची ही कहाणी आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो कौतुकाचा नसतो. पण वादाच्या दृष्टीने पाहिले तर बेलचे उदाहरण कशाचा पुरावा आहे? न्यायदर्शनात ‘उपाधी’ नावाची एक उपयुक्त कल्पना आहे. धूर असेल तेथे अग्नी असतो, हे ठीक. पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, कारण त्यासाठी इंधन ओले असावे लागते. हे ओले इंधन म्हणजे उपाधी. न सांगितलेली अट. ‘सात मिलिमीटरची गोळी हत्तीला पुरते’ या विधानाची उपाधी स्वतः बेल आहे. त्याचे शरीरशास्त्र, त्याची नजर, त्याची भरीव गोळी, आणि बंदुकीच्या आवाजाला फारसे न सरावलेले त्या काळचे कळप. या अटी गाळून ते विधान पुढे नेले की ते खोटे होते, आणि वादात ते नेहमी अटी गाळूनच पुढे नेले जाते.

मोठ्या गोळीच्या पक्षानेही आपले म्हणणे आकड्यांत बसवण्याचा खटाटोप केला. आफ्रिकेत अनेक वर्षे हत्तींची शिकार केलेल्या जॉन टेलरने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक सूत्र दिले. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत आणि व्यास इंचांत घ्यायचा. तिघांचा गुणाकार करून त्याला ७००० ने भागायचे. येणारा आकडा म्हणजे त्या गोळीचे ‘नॉक-आउट’ मूल्य. ०.४५० नायट्रो एक्स्प्रेसचा वेग सेकंदाला २१५० फूट; तिचे मूल्य येते साडेसदुसष्ट. सात मिलिमीटर माउझरचे सोळा. ०.२२३चे सातही भरत नाही. निकाल लागल्यासारखा वाटतो.

आता हेच सूत्र क्रिकेटच्या चेंडूला लावून पाहा. चेंडूचे वजन १६० ग्रॅम, म्हणजे सुमारे २४७० ग्रेन. व्यास सुमारे २.८३ इंच. ताशी ११० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला शंभर फुटांनी, एखाद्या मध्यमगती गोलंदाजाने तो टाकला तर त्याचे मूल्य येते शंभराच्या जवळ. म्हणजे सूत्रानुसार गल्लीतला गोलंदाज हत्तीच्या बंदुकीला भारी ठरतो. टेलर मूर्ख नव्हता. हत्तीच्या डोक्यात मारलेली गोळी मेंदूला थोडक्यात चुकली तर तिच्या धक्क्याने हत्ती बेशुद्ध पडतो का आणि किती वेळ, एवढाच त्याचा मूळ प्रश्न होता. तोही मोठ्या, भरीव गोळ्यांपुरता. त्या संदर्भात सूत्राला काही अर्थ असेल. पुढच्यांनी ते हरणापासून अस्वलापर्यंत कोणालाही लावले. पारिभाषिक संज्ञा आपल्या क्षेत्राची कुंपणे ओलांडून गेली की तिचे काय होते, याचा हा नमुना आहे. आणि ‘नॉक-आउट’ हा शब्द मुळात मुष्टियुद्धातला. गोळी जनावराला ढकलून पाडत नाही. तसे असते तर बार काढणारा माणूसही तेवढ्याच जोराने मागे कोलमडला असता. जनावर मरते ते रक्तस्रावाने, फुप्फुसे निकामी झाल्याने किंवा मज्जासंस्था तुटल्याने. ‘धक्का’, ‘ठोसा’, ‘तडाखा’ ही सगळी रूपके आहेत, आणि या वादाचा निम्मा पसारा या रूपकांना अक्षरशः खरे मानल्यामुळे उभा राहिला आहे.

अमेरिकेत या वादाला दोन चेहरे मिळाले. जॅक ओ’कॉनर हा अॅरिझोना विद्यापीठात इंग्रजी आणि पत्रकारिता शिकवणारा प्राध्यापक. दोन कादंबऱ्याही त्याच्या नावावर आहेत. पुढे ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकात तो तीस-एक वर्षे बंदुकांवर लिहीत होता आणि १९२५ साली निघालेल्या ०.२७० विंचेस्टर या वेगवान, हलक्या काडतुसाचा तो कैवारी. त्याची गोळी १३० ग्रेनची, पाऊण तोळ्याहून किंचित कमी. त्याचा प्रतिपक्षी एल्मर कीथ हा इडाहोच्या डोंगरांत गुरे राखलेला, शिकारी पाहुण्यांना जंगलात घेऊन जाणारा वाटाड्या. मोठी आणि जड गोळी हा त्याचा धर्म. एकाची भाषा मोजून-मापून लिहिणाऱ्याची, दुसऱ्याची शेकोटीभोवतीच्या गप्पांची. दोघांनी एकमेकांची उणीदुणी काढत वाचकांच्या दोन पिढ्यांचे दोन पंथ करून टाकले. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार केले आहेत : सत्य ठरवण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची पाडण्यापुरती चालते ती वितंडा. ओ’कॉनर आणि कीथ यांच्यात वाद थोडा झाला, जल्प पुष्कळ.

तरी दोघांच्या लिखाणात शिरले की दिसते ते असे. ओ’कॉनरचे मन रमले ते उघड्या डोंगरउतारावरच्या रानमेंढ्यांत. तेथे जनावर दुरून दिसते, आडवे उभे राहीपर्यंत थांबता येते, नेम टेकवता येतो. कीथने पाहुण्यांबरोबर दाट झाडीत एल्कच्या मागे दिवस काढले. तेथे जनावर पाठमोरे पळताना दिसते, पाहुण्याचा हात थरथरत असतो, आणि चुकलेल्या गोळीचा माग काढत संध्याकाळपर्यंत हिंडावे लागते ते वाटाड्याला. एकाने उत्तम गोळी कशी लागते ते सांगितले, दुसऱ्याने वाईट गोळी कशी निस्तरावी लागते ते. आणि ओ’कॉनर आफ्रिकेत मोठ्या जनावरांपुढे गेला तेव्हा त्याच्याही हातात ०.३७५ आणि ०.४१६ची दांडगी रायफल होती, हे त्याचे अनुयायी क्वचितच आठवतात.

याउलट एक गोष्ट मात्र सगळे आठवतात. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात स्लेव्ह लेकजवळ १९५३ च्या मे महिन्यात बेला ट्विन या त्रेसष्ट वर्षांच्या क्री आदिवासी बाईने एक प्रचंड ग्रिझली अस्वल मारले. हातात एकच बार काढता येणारी, जुनी ०.२२ची रायफल. आपल्या एनसीसीच्या रायफलीहूनही काडतूस थोडे आखूड. गोळी सुमारे दोन मासे वजनाची. अस्वलाची कवटी त्या काळी जागतिक विक्रमाची ठरली. लहान गोळीचे समर्थक ही कथा ध्वजासारखी मिरवतात. कथा खरी आहे. पण ती नीट वाचली तर काय दिसते? बेला ट्विन हौसेने अस्वलाच्या मागे गेली नव्हती. ते अगदी जवळ येऊन ठेपले होते. जन्मभर सापळे लावून आणि कातडी सोलून उपजीविका केल्याने कवटीचे हाड कोठे पातळ असते हे तिला ठाऊक होते. अस्वल कोसळल्यावरही तिने थांबून न राहता डोक्यात आणखी गोळ्या घातल्या. ‘०.२२ पुरते’ असे ती म्हणत नव्हती. जवळ होते ते तिने वापरले. दोन मासे शिसे पुरले खरे. पण ते पुरेल असे धरून तिने वागणूक ठेवली नाही, हे त्या जादा गोळ्याच सांगतात.

येथे मी पुन्हा माझ्या विषयाकडे येतो. मराठीत ‘पुरणे’ हे क्रियापद एकटे उभे राहत नाही. ‘भाकरी पुरली’ म्हटले की ‘कोणाला?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि लगेच ‘कशासाठी?’ हाही. चौघांना पुरली, की प्रवासाला पुरली? चतुर्थीची ती जागा रिकामी ठेवली तर वाक्य व्याकरणदृष्ट्या चालून जाते, पण त्याची सत्यता तपासता येत नाही. ‘लहान काडतूस पुरते’ आणि ‘लहान काडतूस पुरत नाही’ ही दोन्ही वाक्ये अशी रिकाम्या जागेची आहेत. एक पक्ष त्या जागी मनातल्या मनात बेलला बसवतो, दुसरा थंडीने आणि घाईने गांगरलेल्या नवख्या पाहुण्याला. त्यामुळे दोघे एकमेकांचे खंडन करीत आहेत असे वाटते. वस्तुतः ते दोन वेगळ्या वाक्यांवर बोलत असतात.

माझे आजोळ कोकणातले. तेथे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका घरोघर नसल्या तरी वाडीवाडीत असत, आणि कायदा येण्यापूर्वीच्या रानडुकरांच्या गोष्टी आम्हा मुलांना म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळत. त्या गोष्टींत दोन क्रियापदे कटाक्षाने वेगळी ठेवलेली असत : लागणे आणि पडणे. ‘लागला, पण पडला नाय’ हे वाक्य उच्चारताना सांगणाऱ्याचा आवाज उतरायचा. लागलेला डुक्कर म्हणजे जागामालकाला, गुराख्याला, सकाळी फाटी गोळा करायला जाणाऱ्या बाईला धोका. आणि डुकराच्या बाजूने पाहिले तर दोन-चार दिवसांचे मरण. ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार लगेच भरता येत नाही, त्यामुळे ‘लागणे’ आणि ‘पडणे’ यांच्यामधले अंतर त्या लोकांना फार जवळून माहीत होते. अमेरिकन वादात गोळीच्या वजनाचे आणि वेगाचे शेकडो आकडे मिळतात. ‘लागले, पण पडले नाही’ अशा जनावरांची संख्या त्यांत शोधावी लागते. ते साहजिकही आहे. छायाचित्र पडलेल्या जनावराचे निघते. रक्ताचे चार थेंब मागे ठेवून झाडीत नाहीसे झालेले जनावर कोणत्याही पक्षाच्या बाजूने साक्ष द्यायला येत नाही.

त्याची किंमत कधी कधी माणसांनीही मोजली आहे. जिम कॉर्बेटने १९०७ साली कुमाऊँमधल्या चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तोवर तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. तिचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. कॉर्बेटने १९४४ च्या आपल्या पुस्तकात याचे कारण दिले आहे : पूर्वी कधीतरी लागलेली बंदुकीची गोळी. आपले नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले आणि ती माणसांकडे वळली, असे त्याचे मत होते. कोणा अनामिक शिकाऱ्याच्या मनाने तो बार ‘लागला’ एवढ्यावरच संपला असेल. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला चांदीची पट्टी बसवलेली एक रायफल भेट दिली. ती होती ०.२७५ रिग्बी, म्हणजे बेलने हत्तींसाठी वापरले तेच लहान काडतूस. कॉर्बेटजवळ जड दुनळीही होती, आणि कोणती केव्हा घ्यायची हे तो जागा पाहून ठरवी.

कायद्याने हा वाद आपल्या परीने मिटवण्याचा प्रयत्न केला आहे. त्याची कारणे नेहमीच जनावराच्या हिताची असतात असे नाही. १९०७ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानात आणि सुदानात ०.४५० कॅलिबरच्या गोळ्यांवर बंदी घातली, ती बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून. त्यामुळे कारागिरांनी ०.४६५, ०.४७० अशी नवी मापे काढली. हत्तीच्या कातडीत त्या वर्षी काहीच फरक पडला नव्हता. आजच्या कोलोरॅडो राज्यात एल्क आणि मूस यांसाठी गोळीचा व्यास निदान ०.२४ इंच आणि वजन निदान ८५ ग्रेन असावे लागते, ०.२२३ तेथे बाद. मोंटाना राज्यात अशी कोणतीच अट नाही. एल्क दोन्हीकडचे सारखेच. कायद्याची अडचण समजण्यासारखी आहे. गोळी तराजूत घालता येते, शिकाऱ्याचे मन घालता येत नाही. म्हणून जे मोजता येते त्यावर नियम बसतो.

आता आजचा वाद. ०.२२३ हे काडतूस लष्करी घराण्यातले. नागरी वापरात ते आले कोल्ह्याएवढ्या आणि त्याहून लहान प्राण्यांसाठी. अलीकडे त्यात लांब, जड आणि आत शिरल्यावर फुटून पसरणाऱ्या गोळ्या वापरून एल्क आणि अस्वले मारणारा एक वर्ग तयार झाला आहे. त्यांचा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला बसतो, त्याची भीती शरीर लक्षात ठेवते, आणि चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आकसतो, नेम जातो. लहान काडतुसाने माणूस स्वस्तात, पुष्कळ आणि न घाबरता सराव करतो. बार काढल्यावर दुर्बिणीतून जनावर दिसत राहते आणि गोळी कोठे लागली हे कळून दुसरा बार लगेच काढता येतो. मला हे पटते. मोठ्या गोळीच्या पक्षातले पुष्कळ जण मोठ्या गोळीला जणू क्षमापत्र समजतात; पण पोटात लागलेली गोळी तोळाभराची असली तरी मरण रेंगाळतेच.

न पटणारे आहे ते पुढचे पाऊल. हे लोक जे सांगतात ते सरावलेल्या, थांबू शकणाऱ्या, वाईट कोन दिसला तर चाप न ओढणाऱ्या माणसाबद्दल खरे असते. पण लिहिताना ते ‘मी’ न म्हणता ‘आपण’ म्हणतात. पाच माशांच्या गोळीत चूक सामावून घेण्याची जागा थोडी असते. खांद्याचे जाड हाड, जोराचा वारा, अर्धवट वळलेले जनावर यांतले एकही आडवे आले तर ती जागा संपते. ज्याच्याजवळ चाप न ओढण्याचा संयम आहे त्याला ती पुरेल. तो संयम काडतुसाबरोबर डब्यात मिळत नाही, आणि वाचणारा बहुधा पहिल्या हंगामाचा असतो.

या सगळ्यात मला सर्वांत प्रामाणिक वाटला तो स्वीडनचा नियम. तेथे मूसची शिकार फार मोठ्या प्रमाणावर चालते, आणि १८९४ पासून लष्करात असलेले साडेसहा मिलिमीटरचे काडतूस, म्हणजे आपल्या हिशेबाने लहानच, पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासाठी वापरले गेले आहे. तेथेही गोळीचे वजन आणि शंभर मीटरवरची ऊर्जा यांच्या किमान मर्यादा आहेत. १९८५ पासून शिकाऱ्याला परीक्षाही द्यावी लागते. पण त्याखेरीज आणखी एक अट आहे. मूस, हरीण, रानडुक्कर अशा जनावरांच्या शिकारीला निघायचे तर जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेला कुत्रा फार तर दोन तासांत त्या जागी पोहोचू शकेल, अशी व्यवस्था आधी करून ठेवावी लागते. काडतूस कोणतेही असो. त्यामुळे तिथला शिकारी पहाटे घराबाहेर पडण्यापूर्वी, अजून एकही बार निघालेला नसताना, कुत्रेवाल्याला दूरध्वनी करून तो आज घरी आहे ना, हे विचारून घेतो.